हातानं चालते, रात्री पडते: शेड्यूलरमधल्या शेल स्क्रिप्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी, पुलगाव, हिंगणघाट या पट्ट्यातल्या जिनिंग, डाळ मिल आणि दूध संकलन केंद्रांवरचे संगणक मी सांभाळतो. जवळपास सगळीकडे व्यवस्था एकसारखीच आहे. काट्याजवळच्या खोलीत एक लिनक्सची मशीन असते, तिच्यावर दिवसभराच्या वजनाच्या नोंदी होतात. रात्री शेड्यूलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम, एक शेल स्क्रिप्ट (ओळीनं लिहिलेल्या कमांडची फाइल) चालवतो. ती नोंदींचा बॅकअप घेते, हिशेबाची पट्टी बनवते आणि तालुक्याच्या ऑफिसला पाठवते. ही स्क्रिप्ट पडली, तर सकाळी खिडकीशी आलेल्या शेतकऱ्याला कालच्या कापसाची पट्टी मिळत नाही. तो घरून भाकर बांधून निघालेला असतो, त्याला 'उद्या या' म्हणणं मला बरं वाटत नाही. फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते म्हणून इथं एकत्र लिहिले आहेत.

एक सूचना आधीच: कमांड आणि फोल्डरची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनं, छोट्या-मोठ्या अक्षरांचा फरक सांभाळून टाइप करा.

भाऊ, हातानं चालवली तर बरोबर चालते, रात्री चालतच नाही. काऊन?

दहातले सात फोन याच प्रश्नाचे असतात.

घरचा सालदार असला की 'पाणी लावून दे' एवढं म्हटलं तरी पुरतं. मोटरची चाबी कुठं टांगली आहे, कोणता वॉल्व्ह कोणत्या वाफ्याचा, हे त्याला माहीत असतं. परगावाहून आजच आलेल्या रोजदाराला तेच सांगितलं, तर तो धुऱ्यावर उभा राहील. चूक त्याची नसते. क्रॉन, म्हणजे लिनक्सचा शेड्यूलर, हा तो रोजदार आहे.

तुम्ही लॉगिन करता तेव्हा शेल (तुम्ही दिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) तुमच्या प्रोफाइल आणि बॅश-आरसी या फाइली वाचतो. वर्षभरात तुम्ही तिथं जे जे लिहून ठेवलं, ते सगळं तुमच्या हाताशी येतं. क्रॉन या फाइली उघडतच नाही. त्याच्याकडे मोजक्या गोष्टी असतात: तुमचं होम फोल्डर, लॉगिनचं नाव, शेल म्हणून /बिन/एसएच, आणि बहुतेक मशीनवर पाथमध्ये (कमांड ज्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीत) फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन. तुमचा प्रोग्राम /यूएसआर/लोकल/बिन किंवा /ऑप्ट मध्ये असला, तर क्रॉनच्या लेखी तो अस्तित्वातच नाही.

अंदाज बांधत बसू नका, डोळ्यांनी बघा. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) एका मिनिटापुरती ही ओळ घाला. एन्व्ह ही कमांड शेलला मिळालेल्या व्हेरिएबलांची यादी देते:

* * * * * एन्व्ह > /टीएमपी/क्रॉन-एन्व्ह

मिनिटभरानं ती फाइल उघडा. शेजारच्या खिडकीत स्वतः एन्व्ह चालवा आणि दोन्ही याद्या समोरासमोर ठेवा. तुमची यादी पानभर असेल, क्रॉनची पाच-सात ओळींची. तुमची अडचण बहुतेक वेळा या दोन यादींमधल्या फरकात असते. बघून झालं की ती ओळ काढायला विसरू नका.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते, कारण तिच्यासाठी रात्रीची वाट बघावी लागत नाही. एन्व्ह -आय (म्हणजे सुरुवात रिकाम्या यादीनं) लिहा, पुढे होम आणि वरचा तोकडा पाथ द्या, मग /बिन/एसएच -सी आणि अवतरणचिन्हांत स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. स्क्रिप्ट भर दुपारी, तुमच्या डोळ्यांसमोर, जवळपास क्रॉनच्याच परिस्थितीत चालते. नवीन स्क्रिप्ट मी अशी चालवून बघितल्याशिवाय कुठंही लावत नाही.

'कमांड नॉट फाउंड' येतं. १२७ नंबरही दिसतो.

हा एक्झिट कोड, म्हणजे काम कसं संपलं हे सांगणारा आकडा. १२७ म्हणजे शेलला कमांड सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालवण्याची परवानगी नाही. अशा वेळी चमॉड +एक्स द्यायचं राहिलेलं असतं. १३७ दिसला तर तो १२८ अधिक ९ असतो, म्हणजे प्रोसेसला कुणीतरी जबरदस्तीनं मारलं. कमी रॅमच्या जुन्या मशीनवर हे बहुधा कर्नलच करतो, मेमरी संपली म्हणून.

१२७ वर उपाय असा: स्क्रिप्टच्या पहिल्या दोन-तीन ओळींतच पूर्ण पाथ लिहून टाका. क्रॉनटॅबमध्येही लिहिता येतो, पण तिथं एक खड्डा आहे. शेलमधली सवय म्हणून लोक 'पाथ=$पाथ' लिहून पुढे नवीन फोल्डर जोडतात. क्रॉनटॅबमध्ये $पाथ उलगडला जात नाही, ती अक्षरं जशीच्या तशी राहतात आणि आधी सापडत होत्या त्या कमांडही सापडेनाशा होतात. तिथं सगळे फोल्डर हातानंच लिहा.

पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरत असाल तर ते ॲक्टिव्हेट करत बसण्यापेक्षा त्याच्याच बिन फोल्डरमधल्या पायथनला पूर्ण पत्त्यानं हाक मारा. कमी भानगडी.

स्क्रिप्ट सुरू होते, पण 'फाइल नाही' म्हणते. फाइल तर समोर दिसते.

तुम्ही त्या फोल्डरमध्ये उभे आहात म्हणून तुम्हाला दिसते. क्रॉन होम फोल्डरमध्ये उभा असतो. फाइलींचे पूर्ण पत्ते द्या, किंवा स्क्रिप्टच्या सुरुवातीला सीडी करून योग्य फोल्डरमध्ये जा. त्या सीडीला '|| एक्झिट १' जोडायलाच हवं. सीडी फसली आणि पुढच्या ओळीत आरएम (फाइल पुसायची कमांड) असलं, तर ते भलत्याच ठिकाणच्या फाइली पुसून टाकेल.

माझ्याकडे चालते, क्रॉनमध्ये सिंटॅक्स एरर. हे कसं?

तुम्ही टर्मिनलवर बॅश नावाचा शेल वापरता, क्रॉन /बिन/एसएच वापरतो. उबुंटूनं २००६ साली ६.१० आवृत्तीत /बिन/एसएचच्या जागी डॅश हा दुसरा शेल आणला, नंतर डेबियननंही तेच केलं. डॅश हलका आणि वेगवान आहे, पण बॅशचे लाड त्याला चालत नाहीत. दुहेरी चौकोनी कंस, ॲरे, सोर्स ही कमांड, यातलं काही आलं की तो एरर देतो.

स्क्रिप्टची पहिली ओळ #!/बिन/बॅश ठेवा. आणि क्रॉनटॅबमध्ये स्क्रिप्टच्या आधी 'एसएच' लिहू नका. तसं लिहिलं की पहिली ओळ नुसती टीप म्हणून वाचली जाते आणि तुम्ही पुन्हा डॅशमध्ये जाऊन पडता.

याच्याच शेजारची तक्रार: 'बॅड इंटरप्रिटर', आणि शेवटी ^ हे चिन्ह व एक एम. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून पेनड्राइव्हवरून आणली की हे होतं. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं अक्षर ठेवतं आणि लिनक्स तेही नावाचाच भाग समजतं. डॉस-टू-युनिक्स नावाचा छोटा प्रोग्राम फाइलवर एकदा चालवा, झालं.

नावात आजची तारीख टाकून बॅकअप घ्यायचा आहे. टर्मिनलवर होतो, क्रॉनमध्ये अर्धवट तुटतो.

टक्केवारीचं चिन्ह. क्रॉनटॅबमध्ये % चा अर्थ 'नवी ओळ' असा आहे. पहिल्या % नंतरचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं. $(डेट +%एफ) लिहिलं की कमांड '$(डेट +' वरच संपते आणि शेल 'एंड ऑफ फाइल अनएक्स्पेक्टेड' म्हणून ओरडतो, कारण उघडलेला कंस बंदच झालेला नसतो.

% च्या आधी उलटा स्लॅश द्या. त्याहून चांगलं म्हणजे क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पत्ता ठेवा आणि तारखेची कारागिरी स्क्रिप्टच्या आत करा. स्क्रिप्टच्या आत % ला हा नियम लागत नाही.

रात्री लाइन गेली होती. सकाळी आली, पण काम झालंच नाही.

आपल्याकडे हा प्रश्न शहरापेक्षा कितीतरी जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

क्रॉन घड्याळाकडे बघून काम करतो. २ वाजता मशीन बंद होती, तर २ चं काम गेलं. मशीन ४ वाजता उठली तरी क्रॉन मागं वळून बघत नाही. मागं बघणारा वेगळा आहे, अ‍ॅनाक्रॉन. तो 'हे काम शेवटचं कधी झालं' याची तारीख लिहून ठेवतो आणि दिवस चुकला असेल तर मशीन उठल्यावर करून टाकतो. तो दिवसांत मोजतो, तासांत नाही, त्यामुळे रोजच्या बॅकअपला चालेल, दर अर्ध्या तासाच्या कामाला उपयोगाचा नाही. नवीन मशीनवर मी सिस्टमडीचा (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) टायमर लावतो आणि त्यात 'पर्सिस्टंट=ट्रू' लिहितो. चुकलेलं काम मशीन उठली की होऊन जातं.

विंडोजवाल्यांसाठी: टास्क शेड्यूलरमध्ये नवीन काम बनवलं की 'एसी पॉवर असेल तरच सुरू करा' ही खूण आधीच लावलेली असते. लॅपटॉप बॅटरीवर गेला की काम सुरूच होत नाही. कंडिशन्सच्या टॅबमध्ये जाऊन ती खूण काढा. शेजारच्या सेटिंग्जच्या टॅबमध्ये 'चुकलेलं काम शक्य तितक्या लवकर चालवा' ही खूण असते, ती मात्र आपणहून लावावी लागते.

लाइन येते तेव्हा घड्याळही बघा. जुन्या सीपीयूच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल, तर मशीन कुठल्या तरी जुन्याच तारखेत उठते. रास्पबेरी पायमध्ये तर ५ नंबरच्या मॉडेलपर्यंत स्वतःचं घड्याळच नव्हतं, आणि ५ मध्येही बॅटरी वेगळी जोडावी लागते. इंटरनेट येऊन वेळ जुळेपर्यंत शेड्यूलर चुकीच्या वेळेवर चालतो. सेल किरकोळ पैशांत कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो, दिवाळीच्या आधी बदलून घ्या, कारण त्यानंतर कापसाच्या गर्दीत कुणाला वेळ नसतो.

आणखी एक: काम चालू असताना लाइन गेली तर अर्धी फाइल मागं राहते आणि ती पूर्ण फाइलीसारखीच दिसते. आधी तात्पुरत्या नावानं लिहा, पूर्ण झाल्यावर एमव्हीनं (नाव बदलायच्या कमांडनं) खरं नाव द्या. डिस्कच्या त्याच पार्टिशनवर एमव्ही झालं तर पूर्ण होतं, नाही तर होतच नाही. मधली अवस्था नसते.

बॅकअप रोज होऊन राहिला होता, मग डिस्कवर काहीच कसं नाही?

हे माझ्या स्वतःच्या हातून झालेलं आहे. एका जिनिंगमध्ये मी रात्रीचा बॅकअप बाहेरच्या यूएसबी डिस्कवर लावला होता. एका पहाटे लाइन येऊन-जाऊन झाली. मशीन लगेच उठली, डिस्क उठायला उशीर झाला आणि माउंट झालीच नाही, म्हणजे तिच्या फोल्डरशी जोडलीच गेली नाही. पण जिथं ती माउंट व्हायची, ते रिकामं फोल्डर मुख्य डिस्कवर जागेवर होतं. स्क्रिप्टनं इमानेइतबारे त्या फोल्डरमध्ये बॅकअप टाकायला सुरुवात केली. अकरा रात्री. बाराव्या दिवशी मुख्य डिस्क भरली आणि ऐन सकाळी काट्याचं सॉफ्टवेअर नोंद घेईना. फाटकाबाहेर बैलबंड्या आणि ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मी पोचेपर्यंत काटेवाले काका वहीच्या पाठकोऱ्या पानावर वजनं उतरवत बसले होते, एका ओळीत गाडीचा नंबर, भरलेलं वजन आणि रिकामं वजन. त्यांनी एकही गाडी परत पाठवली नाही. ती पानं मी संध्याकाळी मशीनमध्ये भरली.

तेव्हापासून प्रत्येक बॅकअप स्क्रिप्टमध्ये पहिलं काम 'माउंटपॉइंट -क्यू' हे असतं. त्या फोल्डरवर खरंच डिस्क बसली आहे का, हे ती कमांड सांगते. नसेल तर स्क्रिप्ट तिथंच थांबते आणि एरर देते. सोबत डीएफ या कमांडनं मोकळी जागाही तपासा. जागा दिसत असूनही 'नो स्पेस लेफ्ट' आलं तर डीएफ -आय बघा, बारक्या फाइली लाखांनी साठल्या की आयनोड (डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीमागची नोंद) संपतात.

शेड्यूलरमध्ये यशस्वी दाखवतं, पण फाइल रिकामी.

शेड्यूलर फक्त एक आकडा बघतो, स्क्रिप्टचा एक्झिट कोड. शून्य म्हणजे झालं, बाकी काहीही म्हणजे बिघडलं. आणि स्क्रिप्टचा कोड म्हणजे तिच्या शेवटच्या कमांडचा कोड. तुमची शेवटची ओळ 'इको बॅकअप पूर्ण' अशी असेल, तर वर काहीही बिघडलं तरी इको यशस्वीच होणार.

पाइपमध्येही (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देताना) तीच गत. डेटाबेसची प्रत काढणाऱ्या मायएसक्यूएल-डम्पचं आउटपुट फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे दिलं, डम्पचा पासवर्ड चुकला, जीझिपला काहीच मिळालं नाही. त्यानं 'काहीच नाही' हेच नीट दाबून ठेवलं आणि शून्य परत दिलं. अशी फाइल ओळखायची खूण सांगतो: तिचा आकार बरोबर २० बाइट असतो. बॅकअपच्या फोल्डरमध्ये २० बाइटच्या फाइली ओळीनं दिसल्या, तर त्या सगळ्या रात्री वाया गेल्या समजा.

बॅशच्या स्क्रिप्टमध्ये वरतीच 'सेट -ई -यू -ओ पाइपफेल' लिहा. कुठलीही कमांड फसली की स्क्रिप्ट थांबेल आणि पाइपमधल्या आधीच्या कमांडची चूकही पकडली जाईल. तरी सेट -ई वर डोळे मिटून विसंबू नका. इफच्या अटीत किंवा || च्या डावीकडे फसलेली कमांड ते सोडून देतं. बॅकअपपुरतं म्हणाल, तर शेवटी आकार तपासा आणि महिन्यातून एकदा तो खरंच दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

लॉग कुठं असतो?

क्रॉन आउटपुट मेलनं पाठवतो, पण आपल्या मशीनवर मेलची यंत्रणा नसते. मग डेबियन-उबुंटूवर सिसलॉगमध्ये (मशीनच्या नोंदवहीत) 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' एवढीच ओळ येते. म्हणजे एरर आला होता आणि फेकला गेला. क्रॉनटॅबच्या ओळीच्या शेवटी >> देऊन लॉग फाइलचं नाव लिहा आणि त्याच्या पुढे २>&१, म्हणजे एररही त्याच फाइलीत जातील. क्रम हाच ठेवा, उलटा केला तर एरर फाइलमध्ये जात नाहीत. काम सुरू तरी झालं का, हे बघायला जर्नलसीटीएल -यू क्रॉन; रेडहॅटच्या घराण्यात सर्व्हिसचं नाव क्रॉनडी आहे.

अडलंच तर स्क्रिप्टमध्ये सेट -एक्स लावा, प्रत्येक ओळ चालण्याआधी लॉगमध्ये उमटते. त्यात पासवर्डही उमटतात, हे लक्षात ठेवा.

शेतकऱ्यांची नावं मराठीत आहेत. रात्रीच्या पट्टीत प्रश्नचिन्हं येतात किंवा पायथन 'ॲस्की'चा एरर देऊन मरतो.

तुमच्या लॉगिनमध्ये लँग हे व्हेरिएबल यूटीएफ-८ वर असतं. क्रॉनच्या कामाला ते पुष्कळदा मिळतच नाही, मग साधा सी लोकॅल (भाषा-लिपीची मांडणी) लागू होतो, ज्याला देवनागरी कळत नाही. पायथननं ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, हे बरंच सांभाळून घेतलं आहे. जावानं १८ व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हाच मूळ नियम केला. पण गावातल्या मशीनवर याहून जुनंच असतं. स्क्रिप्टमध्ये एक्स्पोर्ट करून लँग=सी.यूटीएफ-८ लिहा. मराठीचं लोकॅल हवं असेल तर ते मशीनवर आहे का, हे 'लोकॅल -ए'नं आधी बघा.

नाव ही माणसाची गोष्ट आहे. पट्टीवर नावाच्या जागी सहा प्रश्नचिन्हं आली तर बँकेत ती पट्टी कोण धरेल? हा दोष मी 'नंतर बघू'मध्ये टाकत नाही.

रात्री २ चं काम सकाळी साडेसातला होते.

मशीन क्लाउडवर असेल आणि यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत असेल. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. टाइमझोन आशिया/कोलकाता करा आणि त्यानंतर क्रॉन रीस्टार्ट करा, नाही तर तो जुन्याच वेळेवर राहतो. टाइमझोन बदलता येत नसेल तर काम यूटीसीच्या २०:३० ला लावा, पण मग स्क्रिप्टमधली तारीख एक दिवस मागची येईल. डेटच्या आधी टीझेड देऊन ती दुरुस्त करा.

वेळेबद्दलच आणखी एक चूक वारंवार दिसते. तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले, तर क्रॉन दोन्ही जुळायची वाट बघत नाही, एक जुळला तरी चालवतो. 'महिन्याच्या १ ते ७ तारखेतला सोमवार' असं समजून लावलेलं काम सातही दिवस चालतं आणि वर प्रत्येक सोमवारी चालतं.

एकच काम दोनदा चालतं, पट्ट्या डबल निघतात.

पहिलं काम संपायच्या आत दुसरं सुरू होतं. फ्लॉक -एन वापरा. ही कमांड कामाला कुलूप लावते, कुलूप असेपर्यंत दुसरं सुरू होत नाही. 'चालू आहे' अशी फाइल बनवून ठेवायची जुनी पद्धत टाळा. लाइन गेली की ती फाइल तशीच राहते आणि नंतर काम कधीच सुरू होत नाही. फ्लॉकचं कुलूप मशीन बंद होताच आपोआप सुटतं.

तालुक्याला फाइल पाठवताना एसएसएच अडकून बसतं.

एसएसएच दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी करतं. त्याच्या कीला (चावीच्या फाइलीला) पासफ्रेज, म्हणजे पासवर्ड, असेल तर रात्री ती टाइप करायला कुणी नसतं, आणि तुमच्या लॉगिनमध्ये की उघडून धरणारा एसएसएच-एजंटही क्रॉनला दिसत नाही. या कामासाठी वेगळी, मर्यादित परवानगीची की बनवा. बॅचमोड=यस द्या, म्हणजे काही विचारण्याऐवजी ते सरळ एरर देईल. बाहेर नेट लागतं अशा प्रत्येक कमांडला टाइमआउट लावा. पावसाळ्यात नेट अर्ध्यावर सुटतं, टाइमआउट नसला तर स्क्रिप्ट सकाळपर्यंत तशीच लटकते.

मी नागपूरला कंपनीत आहे, आमच्याकडे कंट्रोल-एम आहे. हे तिथं लागू पडतं का?

पडतं. कंट्रोल-एम, ऑटोसिस, जेनकिन्स, हे कंपन्यांतले शेड्यूलर, सगळ्यांना तोच रोजदाराचा नियम. पहिला प्रश्न विचारा: काम कोणत्या युजरच्या नावानं चालतं? तुमच्या नावानं क्वचितच चालतं. जेनकिन्समध्ये शेलचा टप्पा मुळातच -एक्स आणि -ई लावून चालतो, त्यामुळे ग्रेपला (शब्द शोधणाऱ्या कमांडला) शब्द सापडला नाही एवढ्यावरूनही काम लाल, म्हणजे अयशस्वी, होतं.

क्रॉन-डेली या रोजच्या कामांच्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट टाकली, ती चालतच नाही.

डेबियन-उबुंटूवर नावात टिंब असलेल्या फाइली तिथं सोडून दिल्या जातात. शेवटचं .एसएच काढा.

क्रॉनटॅब -ई करायला गेलो, -आर दाबलं गेलं. सगळं गेलं का?

कीबोर्डवर ई आणि आर शेजारी आहेत, आणि -आर न विचारता सगळं पुसतं. 'क्रॉनटॅब -एल' करून यादी एका फाइलीत ठेवलेली असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. नसेल तरी घाबरू नका. क्रॉननं चालवलेली प्रत्येक कमांड वेळेसकट सिसलॉगमध्ये असते. ग्रेपनं क्रॉनच्या ओळी काढा, जुन्या दाबलेल्या लॉगसाठी झेडग्रेप वापरा, आणि वेळापत्रक पुन्हा मांडा. सोमवारचं काम सोमवारच्याच लॉगमध्ये मिळेल, महिन्याचं काम शोधायला १ तारखेपर्यंत मागं जा; तेवढे जुने लॉग उरले नसतील तर ते काम कुणाच्या टेबलावर पोचायचं, त्या माणसाला विचारा.